सर्व्हर आणि मेजावरील संगणक : वऱ्हाडातील भाषाभ्यासाच्या दृष्टीने एका निवडीचा इतिहास

१. विषयप्रवेश

विद्यापीठाच्या एखाद्या विभागास संगणकासाठी अनुदान मंजूर झाले म्हणजे पहिला प्रश्न असा उपस्थित होतो की, त्या रकमेत सर्वांना मिळून वापरता येईल असा एक सर्व्हर घ्यावा, की अभ्यासकाच्या मेजावर ठेवता येईल असा समर्थ संगणक, ज्यास आपण रूढ भाषेत डेस्कटॉप म्हणतो, तो घ्यावा. हा प्रश्न बहुधा तंत्रज्ञांकडे सोपविला जातो आणि तंत्रज्ञ त्याचे उत्तर प्रक्रियकाचा वेग, स्मृतीची क्षमता व किंमत या तीन मानांनी देतात. ते उत्तर चुकीचे नसते, पण अपुरे असते. दोन्ही प्रकारच्या यंत्रांतील प्रक्रियक आज इतके सजातीय झाले आहेत की, केवळ शक्तीच्या मोजमापावरून त्यांच्यातील भेद सांगता येत नाही. यंत्राने किती जणांची सेवा करावयाची आणि त्यात ठेवलेली वस्तू कोणाची मानावयाची, या संबंधात तो भेद आहे. आणि असे संबंध इतिहासात घडत असल्यामुळे त्यांचा विचार इतिहासाच्या अंगानेच करणे युक्त होय.

प्रस्तुत निबंधात हा विचार वऱ्हाडच्या, विशेषतः अमरावती व अकोला या दोन नगरांतील भाषाभ्यासाच्या दृष्टीने करावयाचा आहे. गेल्या सुमारे सत्तर वर्षांत ही निवड आपल्या देशात अनेकदा झाली, आणि पुण्या-मुंबईच्या अभ्यासकास तिचे जे फळ मिळाले तेच जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अभ्यासकास मिळाले असे नाही. या इतिहासावरून निष्पन्न होणारा निष्कर्ष आरंभीच सांगावयाचा तर तो असा की, काम करण्याचे साधन अभ्यासकाच्या हाताशी असावे, परंतु कामाची सामग्री व तिचे फलित सामायिक ठिकाणी आणि एकाहून अधिक प्रतींत असावे. या दोन गोष्टींची गल्लत जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा तेव्हा वऱ्हाडचे काही ना काही नुकसान झाले आहे.

२. संज्ञांचा अर्थ

ज्या यंत्राकडे इतर अनेक यंत्रे जाळ्यावरून काही मागतात आणि जे ती मागणी पुरविते, ते सर्व्हर होय. ही वस्तुतः एक भूमिका आहे. साधा डेस्कटॉपही काही काळ ती पार पाडू शकतो. तथापि ही भूमिका रात्रंदिवस पार पाडावयाची असल्यामुळे सर्व्हरची घडण निराळी होत गेली. स्मृतीत उद्भवणाऱ्या लहान चुका आपण होऊन दुरुस्त करणारी स्मृती, एक बंद पडल्यास दुसरा चालू राहील असे दोन वीजपुरवठे, एकमेकींची प्रत बाळगणाऱ्या हार्ड डिस्क ही त्याची लक्षणे होत. त्याच्यासमोर कोणी बसत नसल्यामुळे पडदा व कळफलक यांची त्यास फारशी गरज नसते.

समर्थ डेस्कटॉपचा हेतू याहून भिन्न आहे. समोर बसलेल्या एका माणसाच्या प्रतीक्षेचा काळ कमी करणे एवढेच त्याचे ध्येय असते. म्हणून त्यात वेगवान प्रक्रियक आणि शक्तिमान ग्राफिक्स कार्ड असते, पण तो सतत चालू राहावा अशी योजना सहसा नसते. ‘वर्कस्टेशन’ या नावाने विकली जाणारी यंत्रे या दोहोंच्या मध्ये येतात. त्यांत चूक दुरुस्त करणारी स्मृती बहुधा असते, तरी सेवा मात्र एकाचीच होते.

भाषाभ्यासकाच्या सामग्रीचे आकारमानही येथेच सांगितले पाहिजे. बोलीचे एक तासाचे ध्वनिमुद्रण, ध्वनिविश्लेषणास योग्य अशा सामान्य प्रतीचे व एकाच वाहिनीचे, सुमारे ३१८ मेगाबाइट जागा घेते. असे २०० तास म्हणजे साधारण ६४ गिगाबाइट झाले. हस्तलिखिताच्या एका पृष्ठाची, आजच्या ए-फोर कागदाएवढी, इंचास ३०० बिंदू या मानाने घेतलेली रंगीत प्रतिमा संक्षेप न करता सुमारे २६ मेगाबाइट होते. म्हणजे ४०० पृष्ठांची पोथी साडेदहा गिगाबाइटच्या आत राहते. आजच्या कोणत्याही डेस्कटॉपमध्ये हे सर्व सहज मावते. तेव्हा जागेची टंचाई हे सर्व्हर घेण्याचे कारण होऊ शकत नाही. कारण असेल तर ते अन्यत्र शोधले पाहिजे.

३. संगणकापूर्वीचा सामायिक संग्रह

सामायिक संग्रह आणि मेजावरील साधन यांचा संबंध संगणकाहून जुना आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले आणि सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेल्या अवतरणांच्या चिठ्ठ्या तेथील दालनात साठत गेल्या. त्यांची संख्या कोटीच्या घरात जाते. प्रत्येक चिठ्ठीस ठरलेले स्थान होते, लेखनाची पद्धत ठरलेली होती, आणि एकाने केलेली नोंद दुसऱ्यास उपलब्ध होती. सर्व्हरचे सारे गुण या दालनात होते, आणि त्याचा मुख्य दोषही होता. तो असा की, ज्यास पुण्यास जाता येईल त्यासच त्याचा उपयोग. अमरावतीच्या वा अकोल्याच्या अध्यापकास मोठ्या सुटीची वाट पाहावी लागे.

याच्या उलट टोकास व्यक्तिगत संग्रह येतो. बोलीचे शब्द, म्हणी, ओव्या आणि स्थलनामे यांची टिपणे वह्यांतून करून ठेवणारे अभ्यासक महाराष्ट्राच्या प्रत्येक भागात होऊन गेले. त्यांचे काम हाताशी होते, स्वतंत्र होते, आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबरच संपले. १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झालेल्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात प्रांतोप्रांतीचे शब्द आले, याचे कारण विखुरलेल्या टिपणांना एका ठिकाणी येण्याचा मार्ग तेथे मिळाला हे होय. ज्या वह्या त्या मार्गाने गेल्या नाहीत त्यांतील शब्द कोशात नाहीत. त्यांचे पुढे काय झाले हे बहुधा त्या त्या घराण्यासही सांगता येणार नाही.

४. दूरचे यंत्र

भारतात संगणक आला तो दूरच्या, एकमेव आणि सामायिक यंत्राच्या रूपाने. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६च्या सुमारास आलेले ब्रिटिश बनावटीचे यंत्र आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधले जाऊन १९६० साली कार्यान्वित झालेले टिफ्रॅक ही त्यांतील आरंभीची नावे होत. टिफ्रॅकच्या मुख्य स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मानाने ही जागा सुमारे दहा हजार रोमन अक्षरांइतकी होते. प्रस्तुत निबंधही त्यात पुरता मावला नसता. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी-३६०० हे अमेरिकी यंत्र आले, आणि देशभरच्या अनेक संस्थांची गणिते तेथे होऊ लागली.

या व्यवस्थेत अभ्यासक यंत्राजवळ जात नसे, तर त्याचे काम छिद्रित पत्रांच्या गठ्ठ्याच्या रूपाने यंत्राजवळ जाई आणि उत्तर कागदावर छापून परत येई. एका पत्रावरील एक छिद्र चुकले तर संपूर्ण फेरी व्यर्थ होई. मुंबईतील माणसास हा विलंब तासांचा वा दिवसाचा असे. सहाशे-साडेसहाशे किलोमीटर दूर असलेल्या माणसास तो किती असू शकत होता, याची कल्पना वाचकांनी करावी. शेतीविषयक सांख्यिकीचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीस होते. तेथे १९६४ साली आयबीएम-१६२० आणि १९७७ साली बरोज बी-४७०० ही यंत्रे बसविण्यात आली. अकोल्यास पंजाबराव कृषि विद्यापीठ स्थापन झाले ते या दोहोंच्या दरम्यान, म्हणजे १९६९ साली. प्रयोग वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत आणि मोठे गणनायंत्र दिल्लीत, अशी त्या काळाची रचना होती.

या रचनेस केवळ अन्याय्य म्हणणे योग्य होणार नाही. यंत्रे फार महाग होती, परकीय चलन दुर्मीळ होते, आणि एक यंत्र अनेकांनी वापरणे हाच देशास परवडणारा मार्ग होता. त्या व्यवस्थेत एक शिस्तही होती. सामायिक यंत्रावर काम करावयाचे तर आपली सामग्री सर्वांच्या ठरलेल्या रूपात मांडावी लागे. पुढे यंत्र मेजावर आले तेव्हा ही शिस्त हरवली.

५. यंत्र मेजावर येते

१९८१ साली आयबीएमचा व्यक्तिगत संगणक बाजारात आला, आणि १९८४च्या नव्या संगणक-धोरणानंतर अशी यंत्रे भारतात सुलभ होऊ लागली. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. म्हणजे हे विद्यापीठ आणि भारतातील व्यक्तिगत संगणक हे जवळजवळ समवयस्क आहेत. या दशकात शासनाने योजिलेले निकनेट नावाचे जाळे या दृष्टीने अभ्यसनीय आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे मोठे संगणक, राज्यांच्या राजधान्यांत मध्यम आकाराचे, आणि जिल्ह्यांच्या ठिकाणी व्यक्तिगत संगणकाच्या वर्गातील यंत्रे ठेवून ती सर्व उपग्रहाद्वारे जोडण्याची योजना केली. सर्व्हर की डेस्कटॉप या प्रश्नास ‘दोन्ही, परंतु कामाची वाटणी करून’ असे उत्तर त्या योजनेत होते. जिल्ह्याची आकडेवारी जिल्ह्यातच भरावयाची आणि एकत्रित संग्रह वरच्या पातळीवर ठेवावयाचा हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते.

भाषेच्या बाबतीत मात्र अशी वाटणी झाली नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८३च्या सुमारास देवनागरीसाठी जे तंत्र सिद्ध झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट या नावाने प्रसारित केले. या तंत्राची दोन रूपे होती. मेजावरील संगणकात बसविण्याचे जिस्ट कार्ड हे एक, आणि मोठ्या सामायिक संगणकास जोडावयाचे जिस्ट टर्मिनल हे दुसरे. दोहोंमागे अक्षरांची एकच सांकेतिक योजना होती आणि ती १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्यता पावली. अर्थात, मराठी मजकूर मेजावर लिहिला तरी तो सामायिक ठिकाणी तसाच वाचता येईल, अशी सोय तत्त्वतः झालेली होती.

व्यवहारात याहून निराळे घडले. छपाईच्या गरजेपायी निरनिराळ्या व्यापारी संस्थांचे टंक प्रचारात आले आणि प्रत्येकाने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसविले. कागदावर उमटणारे अक्षर मराठी असे. यंत्रात साठविलेला संकेत मात्र त्या टंकापुरताच अर्थपूर्ण असे. एका मेजावर टंकलिखित केलेला प्रबंध दुसऱ्या मेजावर उघडला असता निरर्थक चिन्हांची रांग दिसावी, हा अनुभव त्या काळातील बहुतेक सर्व मराठी विभागांस परिचित आहे. १९९० ते २००५ या दरम्यान संगणकावर लिहिले गेलेले पुष्कळ मराठी साहित्य आज या कारणाने रूपांतरावाचून वाचता येत नाही.

वऱ्हाडच्या अभ्यासकास या ठिकाणी महानुभावांच्या सकळ लिपीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. त्या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले, आणि वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत ते पंथाबाहेरील विद्वानांस अगम्य राहिले. तेथे गुप्तता हेतुपूर्वक होती. येथे ती कोणाच्या मनात नसताना निर्माण झाली. परंतु फळ सारखेच. मेजावरील संगणकाने आपणास लेखनाचे स्वातंत्र्य दिले, आणि सामायिक संकेताचे बंधन नसल्यामुळे त्या लेखनास आपल्याच खोलीत कोंडले.

६. ‘वऱ्हाड’ या शब्दाची साक्ष

हा प्रश्न केवळ जुन्या टंकांपुरता राहिलेला नाही. युनिकोड या जागतिक योजनेने तो बव्हंशी सोडविला. तथापि ‘वऱ्हाड’ हा शब्दच त्यातील शिल्लक अडचणीचे उत्तम उदाहरण आहे. या शब्दातील चंद्रकोरीसारखा दिसणारा अर्धा र हे मराठी लेखनाचे वैशिष्ट्य आहे. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ अथवा ‘दर्या’ व ‘दऱ्या’ या जोड्यांत अर्थभेद त्यावरच अवलंबून असतो. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारांनी साठविता येतो. नुक्ता असलेला ऱ घेऊन त्यास हलन्तचिन्ह जोडणे हा एक प्रकार; साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घालणे हा दुसरा. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे शब्द ठरतात, आणि शोध घेताना विशेष योजना केलेली नसेल तर एका रूपाने शोधणाऱ्यास दुसरे रूप सापडत नाही.

एकट्याच्या डेस्कटॉपवर ही अडचण ध्यानात येत नाही, कारण एकच माणूस सहसा एकाच पद्धतीने टंकन करतो. दहा जणांचे मजकूर एका सर्व्हरवर एकत्र येतात तेव्हाच ती उघड होते, आणि तेव्हाच तिचा परिहार करण्याची गरज भासते. सामायिक संग्रहाचा एक उपयोग असा की, तो आपल्या लेखनातील विसंगती आपल्या दृष्टीस आणून देतो. ज्या प्रदेशाचे नावच दोन संकेतांत विभागले गेले आहे त्या प्रदेशाच्या बोलीचा संग्रह करणारास हे विशेषेकरून लक्षात ठेवले पाहिजे.

७. एकत्व आणि बहुत्व

सर्व्हर अपरिहार्य कोठे असतो, हे दोन परिचित उदाहरणांवरून दिसेल. रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण १९८५-८६मध्ये दिल्लीस सुरू झाले आणि लवकरच मुंबईसही आले. पुढे १९९९ साली देशातील आरक्षणाची पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. अकोला अथवा बडनेरा येथील खिडकीवरचे यंत्र कितीही समर्थ असले तरी तेथे आसनांचा स्वतंत्र हिशेब ठेवून चालणार नाही, कारण एक आसन एकाच प्रवाशास देता येते आणि त्याविषयीचे सत्य सर्व खिडक्यांवर एकाच क्षणी एकच असावे लागते. बँकांचेही असेच झाले. रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर शाखाशाखांतून खातेवही लिहिणारी स्वतंत्र यंत्रे आली. त्यामुळे शाखेतील काम जलद झाले, परंतु खातेदार त्या शाखेसच बांधलेला राहिला. या शतकाच्या पहिल्या दशकात खाती मध्यवर्ती सर्व्हरवर गेली, तेव्हा अमरावतीच्या खातेदारास अकोल्याच्या शाखेत पैसे काढता येऊ लागले.

भाषाभ्यासातील सामग्री या जातीची आहे काय? अंशतः आहे. संहितेची प्रमाण प्रत, शब्दनोंदीचा क्रमांक, ध्वनिमुद्रणाचे स्थळ, दिनांक व निवेदकाची संमती या गोष्टी एकच असल्या पाहिजेत. त्यांचे पाठभेद उपयोगाचे नाहीत. याउलट त्या सामग्रीचे विश्लेषण, वर्गीकरण, व्याकरणिक चिन्हांकन ही अभ्यासकागणिक भिन्न असणे हेच संशोधनाचे लक्षण होय. पहिल्या वर्गास सर्व्हर मानवतो आणि दुसऱ्यास मेज.

महाराष्ट्रातील शब्दसंग्रहांचा इतिहास या विभागणीस दुजोरा देतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा १० लाख शब्दांचा संग्रह सिद्ध झाला. त्यातील मजकूर १९७८ या वर्षातील असून संग्रह १९८६ साली पूर्ण झाला. पुण्या-मुंबईबाहेरील एका विद्यापीठाने केलेले हे काम जगभर वापरले गेले, कारण त्याच्या प्रती नॉर्वेतील बर्गन येथील सामायिक केंद्रामार्फत वितरित होत राहिल्या. काम कोल्हापुरास झाले आणि ठेव सर्वांस खुली राहिली. १९९१पासून केंद्र शासनाच्या भाषा-तंत्रज्ञान कार्यक्रमात मराठीच्या लिखित मजकुराचा संग्रह करण्याचे काम डेक्कन कॉलेजकडे आले. अलीकडे त्याच संस्थेने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील ध्वनिमुद्रणे जाळ्यावर उपलब्ध करून दिली आहेत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ साली वऱ्हाडीचे नमुने छापले गेले, पण त्यांतील आवाज आपणास ऐकू येत नाही. आज वऱ्हाडी बोलणाराचा आवाज सर्व्हरवरून ऐकता येतो, हा लाभ अल्प नव्हे.

८. एकच प्रत

सर्व्हरचा पक्ष घेताना एका धोक्याकडे दुर्लक्ष होते. संग्रह एका ठिकाणी आणणे म्हणजे त्याचा नाशही एका ठिकाणी शक्य करणे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या लीळाचरित्राविषयी परंपरा असे सांगते की, मूळ पोथी धामधुमीच्या काळात नष्ट झाली आणि पुढे शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. आज आढळणारे अनेक पाठ व पाठभेद यांचा उगम त्या घटनेत दाखविला जातो. मराठीच्या आद्य गद्यग्रंथाचा इतिहास अशा रीतीने एकमेव प्रतीच्या नाशाचा, आणि अनेकांच्या स्मरणाने झालेल्या उद्धाराचा इतिहास आहे. हार्ड डिस्कला असे शिष्य नसतात.

यावरून सर्व्हरमधील परस्परप्रती बाळगणाऱ्या डिस्क पुरेशा आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. त्या एका डिस्कच्या बिघाडापासून रक्षण करतात. आग, पाणी, चोरी अथवा चुकून पुसले जाणे यांपासून करीत नाहीत, कारण एका डिस्कवर पुसलेले त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसले जाते. खरी दुसरी प्रत निराळ्या इमारतीत, शक्यतो निराळ्या गावी असावी लागते.

मेजावरील संगणकाचा धोका याहून शांतपणे येतो. अभ्यासक निवृत्त होतो, यंत्र घरी जाते किंवा भांडारात पडून राहते, आणि काही वर्षांनी निर्लेखित होऊन भंगारात जाते. त्यात एखाद्या खेड्यातील वृद्धेने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या असतील, तर त्या सांगणारी हयात नसते आणि मुद्रण दुसरीकडे नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांमुळे पीएच. डी.चे प्रबंध विद्युत्‌-रूपात देणे आवश्यक झाले, आणि शोधगंगा या संग्रहात आपल्या विद्यापीठाचेही प्रबंध आज कोणासही वाचता येतात. परंतु प्रबंध जतन होतो आणि ज्या मूळ सामग्रीवर तो आधारलेला असतो ती मेजावरच राहते. पुढील अभ्यासकास निष्कर्ष मिळतो. तो पडताळून पाहण्याचे साधन मिळत नाही.

९. वऱ्हाडची परिस्थिती

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. अकोल्याचे तापमान उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाते हे सर्वविदित आहे, आणि अमरावतीचे त्याहून फार कमी नसते. सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश तापमानाची हवा योग्य मानली जाते. म्हणजे जे यंत्र दिवसरात्र चालावयाचे, त्याची खोलीही उन्हाळ्यात दिवसरात्र थंड ठेवावी लागणार. सरासरी ४०० वॉट घेणारा सर्व्हर वर्षभरात सुमारे ३,५०० युनिट वीज घेतो, आणि खोली थंड राखण्याची वीज त्यावर निराळी. याउलट ३०० वॉटचा डेस्कटॉप वर्षातील २५० दिवस रोज आठ तास चालविला तर ६०० युनिट पुरतात. २००५नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांस अखंड वीज ही गृहीत धरण्याची वस्तू नव्हे हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अनुदानाच्या स्वरूपाची आहे. विभागांस यंत्रासाठी मिळणारे अनुदान बहुधा अनावर्ती असते. डेस्कटॉप त्यात बसतो, कारण त्याचा मुख्य खर्च खरेदीचाच. सर्व्हरचा मोठा खर्च खरेदीनंतर सुरू होतो. वीज, थंडावा, दुरुस्तीचा करार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची देखरेख करणारा जाणता माणूस हे सर्व आवर्ती खर्च होत. ज्या विभागात असा माणूस नाही तेथे सर्व्हर म्हणून आणलेले यंत्र एखाद्या कोपऱ्यात एकाच माणसाच्या मेजावरील संगणक म्हणून वापरले जाते, आणि मग दोन्हीपैकी एकाचाही गुण त्यात उरत नाही. दूरच्या व्यापारी संस्थेचा सर्व्हर भाड्याने घेतला तरी भाडे आवर्तीच राहते, आणि अनुदान थांबले की संग्रहही संकटात येतो.

तिसरी गोष्ट डेस्कटॉपच्या बाजूची आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिस्परसारख्या श्रुतलेखन-प्रणाली चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या मेजावरील संगणकावर चालतात. प्रमाण मराठीवर घडलेली प्रणाली वऱ्हाडी बोलीस जेथे अडखळते, तेथे तिच्या चुका दुरुस्त करून तिला बोलीचे वळण लावणे हे काम अभ्यासकास स्वतःच्या खोलीत करता येते. ज्या निवेदकाने आपल्या घरच्या गोष्टी विश्वासाने सांगितल्या, त्याचा आवाज कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर पाठवावा लागत नाही, हाही मोठा लाभ होय.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवड करणाऱ्या विभागाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत असे वाटते. ठेवावयाच्या वस्तूची प्रमाण प्रत एकच असणे आवश्यक आहे काय? ती एकाच वेळी किती जणांस लागते? आणि यंत्र बंद पडले अथवा अभ्यासक निवृत्त झाला तर मागे काय उरते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे ‘अनेकांस’ असे असेल, तर वस्तू सामायिक सर्व्हरवर गेली पाहिजे; परंतु तो सर्व्हर विभागाचा स्वतःचा असण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या मध्यवर्ती संगणक-केंद्रात जागा मागून घेणे हे लहान विभागास अधिक श्रेयस्कर होय. विभागाच्या अनुदानातून समर्थ डेस्कटॉपच घ्यावा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणतेही यंत्र देत नाही. ते नियमाने द्यावे लागते.

तो नियम थोडक्यात असा असावा. संशोधनार्थ केलेले प्रत्येक ध्वनिमुद्रण व प्रत्येक प्रतिमा, निवेदकाच्या संमतिपत्रासह व युनिकोडमधील एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहिलेल्या नोंदीसह, प्रबंध सादर करतेवेळीच जमा व्हावी. तिची एक प्रत अमरावतीस आणि दुसरी अकोल्यास असावी. ही दोन नगरे परस्परांपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहेत. एका ठिकाणचे संकट दुसऱ्या ठिकाणी पोहोचू नये इतके हे अंतर पुरेसे आहे, आणि एखादी डिस्क हाती घेऊन सकाळी निघालेला माणूस सायंकाळी परत यावा इतके ते अल्पही आहे.

२०२३च्या अधिनियमाने रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यामुळे वऱ्हाडात भाषाविषयक सामग्री यापुढे अधिक प्रमाणात जमणार आणि यंत्रांची खरेदीही होणार हे उघड आहे. ती खरेदी कोणत्या वेगाच्या यंत्राची झाली, हे दहा वर्षांनी कोणी विचारणार नाही, कारण तोवर ते यंत्र जुने झालेले असेल. आज मुद्रित केलेला आवाज तेव्हा ऐकावयास मिळतो की नाही, एवढेच विचारले जाईल, आणि त्याचे उत्तर आजच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे.